म्हातारदेव तात्यांची तलंग

म्हातारदेव तात्या अंडं डोळ्यावर ठेवून बघत. उघड्या नव्हे, मिटलेल्या. पापणीवर अंडं टेकवायचं, श्वास धरायचा, आणि तोवर ओट्यावर जमलेल्या बायकांनी बांगडीचासुद्धा आवाज करायचा नाही. मग अंडं खाली घेऊन ते निकाल देत, "तलंग हाय. उबवा."

तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातली तरणी कोंबडी. आत कोंबडी आहे की कोंबडा, हे पिल्लू बाहेर पडायच्या आधी सांगणारा पाथर्डीतला हा एकमेव माणूस. आणि म्हातारदेव हे त्यांचं पाळण्यातलं नाव बरं का. आमच्याकडे ते तान्ह्या बाळालाही ठेवतात. मी त्यांना पाहिलं तेव्हा मात्र ते नावाला शोभतील एवढे झाले होते.

एकाहत्तर साली माझी तिथल्या शाळेवर बदली झाली आणि मी त्यांच्या भिंतीला लागून खोली घेतली. आमच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे. आई भेटायला आली तेव्हा शेजारच्या ओट्यावरची गर्दी बघून तिने विचारलंच. "वैद्य आहेत, नाडी बघतात," असं सांगून मी वेळ मारून नेली.

बायकांचंही चूक नव्हतं. उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली मावून मावून अंडी किती मावणार? त्यात कोंबड्याच्या अंड्यांनी जागा अडवलेली कुणाला परवडेल? म्हणून तलंगीची अंडी कोंबडीखाली आणि कोंबड्याची तव्यावर, असा सरळ मामला.

"कळतं कसं पण?" मी एकदा विचारलं.

"कोंबडा तापट आसतो बाई, अंड्यातबी. पापनीला चटका बसतो."

"कधी बसलाय?"

"आजून तरी न्हाई," तात्या गंभीरपणे म्हणाले.

शिवाय त्यांची हमी होती. "म्हातारदेवाचा शब्द हाय. कोंबडा निघाला तर मला आनून द्या अन् माझी तलंग घिऊन जा." असा सौदा कोण सोडतंय? पिल्लं मोठी होत, त्यातल्या निम्म्यांना डौलदार तुरे फुटत, आणि मग काखेत कोंबडा मारून एकेक बाई तात्यांच्या दारात हजर होई. तात्या तो ठेवून घेत आणि आपली एक कोंबडी देत.

त्यामुळे त्यांचं अंगण म्हणजे नुसती कचेरी झाली होती. कोंबड्यांना नावंही तशीच. फौजदार, मामलेदार, तलाठी. ही मंडळी पहाटे अशी बांग द्यायची की सबंध आळी उठून बसे. एक आळशी कोंबडा उन्हं वर आल्यावर आरवायचा. त्याचं नाव मास्तर. हे माझ्यावरून ठेवलंय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

एका पहाटे डोकं इतकं उठलं की मी तशीच जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "तात्या, तुम्हाला एकाही अंड्यात कोंबडा कसा दिसत नाही हो?"

तात्यांनी आधी फाटकाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "कोंबडा म्हनलं का अंडं तव्यावर जातंय बाई. तलंग म्हनलं का उबीला. जलमाला तर येऊ द्या बिचाऱ्यांना. फुडचं मी बघतो की." पुढचं म्हणजे फौजदार. तो तात्यांच्या बाजेवर बसून त्यांच्याच हातची ज्वारी खात होता. भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले.

कोंबड्या मुळात तात्यांच्या बायकोच्या, सरूबाईंच्या. पापणीवर अंडं टेकवायची रीतही त्यांचीच. मूलबाळ नव्हतं. सरूबाई गेल्या आणि तात्या दार लावून बसले. ते ओट्यावर येऊ लागले ते या अंड्यांपायीच. पण हमी पुरी करता करता सरूबाईंच्या कोंबड्या आळीभर वाटल्या गेल्या आणि शेवटी एकच उरली. कवडी नावाची, ठिपक्यांची, रात्री तात्यांच्या उशाशी बसणारी.

आणि नेमकी समोरच्या आळीतली पारूबाई काखेत कोंबडा घेऊन आली.

मी दारातच होते. तात्यांनी कवडीला उचललं, पिसांवरून हात फिरवला आणि पारूबाईच्या हातात दिली. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही. मी भाकरी नेऊन दिली, तीही तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कवडी ठुमकत परत आली आणि तात्यांच्या उशाशी बसली. तात्यांचा चेहरा फुलला. पण शब्द म्हणजे शब्द. तिला काखेत घालून ते पारूबाईकडे पोचवून आले. पुढच्या संध्याकाळी ती पुन्हा हजर. तात्या पुन्हा निघाले. मग हे रोजचंच झालं.

मला पारूबाईचा संताप आला. परक्या घरची कोंबडी आणली की चार दिवस डाल्याखाली झाकून ठेवायची, म्हणजे ती नव्या घराला रुळते. हे एव्हाना माझ्यासारख्या शाकाहारी बाईलासुद्धा ठाऊक झालं होतं. आडावर मी तिला गाठलं. "म्हाताऱ्याला कशाला रोज हेलपाटे घालायला लावता? झाकून ठेवा की तिला."

पारूबाई घागर बुडवत हसली. "झाकली तर तात्या रोज आमच्या दारी कशापायी येतील? आता येत्यात, पोरांशी बोलत्यात, दोन घास खाऊन जात्यात. तात्या समद्याच अंड्यांला तलंग म्हनत्यात, हे तर पैल्यापास्नं ठावं हाय आमाला. समद्या बायांला ठावं हाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगते, त्या आळीवर माझा फार जीव जडला.

त्याच संध्याकाळी तात्या कवडीला घेऊन माझ्या दारावरून निघाले. धुतलेली टोपी, दाढी केलेली, खिशात पारूबाईच्या पोरांसाठी गुडदाणी. मला खोडी काढायची लहर आली. "तात्या, पारूबाईला सांगू का हिला झाकून ठेवायला?"

तात्या थांबले. कवडीच्या मानेवर बोट फिरवत खाली बघून म्हणाले, "नगं बाई. रोज तिच्या दारी जायला मिळावं म्हनून तर मीच ज्वारी टाकून बोलावतोय हिला."