अर्ध्या फलकाची बखर

विद्यादेवीस दंडवत घालून, मानव्यविद्या विभाग नामें राज्य बुडतां बुडतां कैसें तरलें, तें वर्तमान साद्यंत निवेदन करितों. सुज्ञ वाचकांनीं चित्त द्यावें.

शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरीं, ज्येष्ठ मासीं कुलगुरु महाराजांचें आज्ञापत्र आलें कीं, प्रवेश मेळाव्याचे दिवशीं सायंकाळीं पांच वाजेतों एम.ए.स दहा विद्यार्थी न मिळाल्यास विभाग खालसा होईल आणि त्याचीं दालनें शेजारील व्यवस्थापनशास्त्रास जातील. तेव्हां राज्याच्या अधिपति मंदाकिनीबाई उपळेकर यांनीं दालन न सोडण्याचा पण केला, कां कीं बाईंनीं सव्वीस वर्षें त्याच दालनांत तत्त्वज्ञान शिकविलें होतें. मग बाईंनीं इतिहासाचे निरगुडे सर आणि साहित्याच्या मुजावर बाई ऐसे मुत्सद्दी बोलाविले आणि मसलत केली कीं, ‘येथें प्रवेश घ्यावा, कारण’ ऐसा थोर फलक रंगवावा आणि पुढें कारण द्यावें. परंतु त्या राज्याची रीत ऐसी कीं, एकानेंही हरकत घेतली तर वाक्य तांबड्या शाईनें छाटावें. बाई बोलिल्या, “माणूस शहाणा होतो.” निरगुडे सर बोलिले, “पुरावा?” मुजावर बाई बोलिल्या, “मन मोठं होतं.” सर बोलिले, “माझं अजून झालेलं नाही.” येणेंप्रमाणें एकोणतीस वाक्यें धारातीर्थीं पडलीं, आणि रंगारी ‘कारण’ इतकें रंगवून जेवावयास गेला तो परतलाच नाहीं.

मेळाव्याचे दिवशीं संगणकवाल्यांनीं बोलता यंत्रमानव उभा केला आणि व्यवस्थापनवाल्यांनीं सरबत वांटिलें आणि मानव्यविद्येच्या राहुटीवर अर्धा फलक लागला. बाई मनीं गोंधळल्या कीं, फलक झांकावा कीं आपणच तोंड झांकावें. दोन प्रहर टळले, कोणी फिरकलें नाहीं. मग ऋतुजा बिडवे नामें पदवीधर कन्या पित्यासह आली. पिता गजाननराव, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार. कन्येनें पुसिलें, “मॅडम, कारण काय?” बाई खरें तेंच बोलिल्या, “अगं, आमचंच ठरलं नाही. तुला काय वाटतं?”

गजाननराव बोलिले, “चल ऋतू, ह्यांनाच ठाऊक नाही. तो यंत्रमानव बघ, कसा फटाफट सांगतो!”

“बाबा, पण त्यानं मला काही विचारलंच नाही!” ऐसें बोलून कन्येनें मार्कर घेतला आणि लिहिलें, ‘कारण येथे उत्तर तयार नसते.’ निरगुडे सर संवयीनें गरजले, “पुरावा?”

“पुरावा तुम्हीच की सर! प्राध्यापक तीन आणि फलक अर्धा!”

एकच हंशा पिकला, तो ऐकून पोरें धांवलीं, आणि एकानें लिहावें आणि दुसऱ्यानें खोडावें ऐसें रण माजलें, आणि साडेचारास नांवें नऊ जाहलीं. दहावें मिळेना. बाई घड्याळाकडे पाहात, आणि गजाननराव निरगुडे सरांशीं भांडत.

“इतिहास इतिहास काय करता? आमचं अख्खं गाव धरणात गेलं. ते कुठल्या पुस्तकात आहे, दाखवा!”

सर हळू बोलिले, “नाही कुठं. ते तुम्हीच लिहायला हवं.”

“मी? मला बी.ए. होऊन तीस वर्षं झाली!”

बाई झटकन बोलिल्या, “वयाची अट नाही हो.”

गजाननरावांनीं कन्येकडे पाहिलें, फलकाकडे पाहिलें, आणि अर्ज ओढून घेतला. “दुकान सकाळचंच उघडीन म्हणतो.” पांचास दोन मिनिटें असतां दहावें नांव चढलें. कन्या बोलिली, “बाबा, वर्गात माझ्या शेजारी बसायचं नाही हां!”

इतक्यांत जेवावयास गेलेला रंगारी आला आणि पुसता जाहला, “बाई, कारण काय लिहू?” तिघेही प्राध्यापक एकदम बोलूं लागले. मग बाई हंसल्या आणि बोलिल्या, “राहू दे तसंच.”

सारांश, राज्य राहिलें, दालनें राहिलीं. कारण मात्र प्रस्तुत लेखकास अद्यापि उमगलें नाहीं. मार्कर दोरीनें फलकास बांधिला आहे. ज्यांस उमगेल त्यांनीं प्रवेश घेऊन लिहावें, खोडलें जाईल ही खात्री असावी. येथवर वाचिलें, हे वाचकांचे थोर उपकार. लिहिणार शांताराम विठू घोगरे, शिपाई, मानव्यविद्या विभाग.