वनजाबाईंची बाही

नागराजरावांनी बायकोचा ब्लाउज चार वाजता द्यायचं कबूल केलं होतं, आणि दुपारी दोन वाजता तो अजून तुकड्यातुकड्यांनी टेबलावर पडला होता.

यात नवीन काही नव्हतं. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या कितीतरी बायका त्यांच्या हातचे ब्लाउज घालून लग्नकार्याला मिरवल्या, पण वनजाबाईंचा नंबर कायम शेवटचा. आधी गिऱ्हाईक, मग घर. शरतच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या लग्नात वनजाबाईंच्या ब्लाउजला हुकं लागलीच नव्हती, सेफ्टी पिना होत्या. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन त्यांनी तो दिवस काढला. फोटोत त्या फार सोज्वळ दिसतात.

या वेळी गोष्ट वेगळी होती. बारा वर्षं त्या भजनी मंडळात मागच्या रांगेत टाळ वाजवत होत्या. आज दसऱ्याच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच त्या पुढे उभ्या राहून एकट्या अभंग म्हणणार होत्या. दोन महिने स्वयंपाकघरात तालीम चालली होती. शरतनं आईला आंबा रंगाची म्हैसूर सिल्क आणली होती आणि ब्लाउजचं कापड त्या साडीतलंच होतं.

"या खेपेला पिना बेडा हं," वनजाबाई सकाळीच म्हणाल्या होत्या. "मला सगळे बघणार. पिना नकोत म्हणजे नकोत."

"अगं, तुझं माप माझ्या हाताला पाठ आहे. खडूसुद्धा लावत नाही बघ."

आणि खरंच त्यांनी खडू न लावता, जुना ब्लाउज वर ठेवून कापड कापलं. तिथंच सगळं बिघडलं.

नागराजरावांना अक्षरं उशिरा आली. कन्नड साठीत आलं, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. आता सत्तरीत इंग्रजी चाललं होतं. सून सुमा शाळेत इंग्रजी शिकवायची. ती रोज सकाळी सासऱ्यांना एक शब्द द्यायची आणि संध्याकाळी परीक्षा घ्यायची.

"मामंजी, आजचा शब्द एन्ग्रोस्ड. म्हणजे एखाद्या कामात गुंग. त्याचे भाऊबंद म्हणजे अब्सॉर्ब्ड, इमर्स्ड. आपल्याकडे मग्न, तल्लीन. संध्याकाळी एक वाक्य करून दाखवायचं."

दोन वाजता ते ब्लाउज शिवायला बसले आणि त्यांना वाक्य सुचलं. 'माझी बायको गाण्यात एन्ग्रोस्ड आहे.' वाक्य विसरायच्या आत लिहायला हवं. कागद शोधण्यापेक्षा खडू हाताशी होता आणि समोर कापड सुलट बाजू वर करून पडलं होतं. त्यांनी पाठीच्या तुकड्यावर लिहिलं. एक अक्षर चुकलं, म्हणून बाहीवर लिहिलं. मग भाऊबंद आठवले, तेही लिहिले. शेवटी एकही तुकडा कोरा राहिला नाही.

शिंप्याचा खडू कापडाच्या उलट बाजूला लागतो. ज्या बाजूला खडू, ती आत जायची. पन्नास वर्षं त्यांच्या हातांना हेच माहीत होतं. डोळे अक्षरांत अडकले होते आणि हात आपले खडू बघून शिवत होते. भिंतीपलीकडं वनजाबाई शेवटची तालीम करत होत्या. नागराजराव तोंडानं 'इमर्स्ड, इमर्स्ड' म्हणत मशीन मारत होते.

साडेतीनला दोरे कापायला त्यांनी ब्लाउज उजेडात धरला आणि त्यांचे हात थांबले. बाह्यांच्या काठावरची जरी मळकट दिसत होती. चमकणारी बाजू आत गेली होती. अख्खा ब्लाउज त्यांनी उलटा शिवला होता.

"झालं का हो?" आतून हाक आली.

"झालंच!"

अंगाला अस्तर होतं, ते उसवायला वेळ नव्हता. पण लोकांना जरी दिसते ती बाहीची. निदान बाह्या तरी सुलट्या कराव्यात. उलटवलेली डावी बाही उजव्या हाताला बसते, उजवी डाव्याला, म्हणजे दोन्ही उसवून अदलाबदल करायची. डावी उसवून झाली आणि बाहेर मंडळाच्या प्रमुखबाईंच्या रिक्षाचा हॉर्न वाजला.

"अय्यो, विशालाक्षीबाई रिक्षात बसून राहिल्यात! द्या लवकर!"

उजवी उसवायची राहिलीच. डावीवरचे शब्द ब्रशनं झटकून त्यांनी ती सुलटी केली आणि होती तिथंच, डाव्या मुंढ्याला, टाचली. वनजाबाईंनी ब्लाउज घातला, आरशात पाहिलं.

"अहो, एक बाही चमकते आणि एक नाही."

"खिडकीचा उजेड एका बाजूनं आहे ना."

"आणि हात वर का जात नाही?"

नागराजराव डाव्या काखेतला दोरा कापू लागले. चुकीच्या बाजूला बसलेली बाही हात वर जाऊ देत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

"सुम्ने, गप उभी राहा," ते म्हणाले. "हात वर नेऊ नको, एवढंच."

"टाळ कसे वाजवू, नाकानं?"

हॉर्न पुन्हा वाजला.

बन्नीमंटपाच्या मैदानाजवळच्या हॉलात नागराजराव पहिल्या रांगेत बसले. वनजाबाई पुढे आल्या, डोळे मिटले आणि सुरुवात केली. नागराजरावांची नजर डाव्या काखेतल्या शिवणीवर गेली ती तिथंच राहिली. टाके लांब पडले होते. टाळ जरा वर गेले की त्यांचा श्वास अडकायचा. एक टाका सुटला असं त्यांना वाटलं. मग दुसरा. तिसऱ्याची वाट बघत असतानाच टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ते दचकले. अभंग संपला होता.

विशालाक्षीबाईंनी वनजाबाईंना मिठी मारली. "वनजाक्का, टाळ छातीशी धरून, हात जरासुद्धा न हलवता! काय तल्लीन झाली होतीस गं! पुढच्या वर्षी सगळ्यांनी असंच उभं राहायचं."

घरी येताना रिक्षात वनजाबाईंनी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं."

"शेवटचं कडवं? तिथं जरा आवाज फाटला ना?"

"मी शिवण बघत होतो गं," नागराजराव हळूच म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही."

वनजाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

संध्याकाळी सुमानं वाक्य विचारलं. "नको आज," एवढंच बोलून ते झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीनवर चादर टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. वनजाबाई बीन्स चिरत होत्या.

"दुकान?"

"बंद आहे. तू म्हण."

त्यांनी हातातल्या शेंगा चिरून संपवल्या. मग सुरू झाल्या, अगदी हळू. नागराजरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"झोपलात का?"

"नाही गं. डोळे उघडे ठेवले की नजर तुझ्या खांद्याच्या शिवणीवर जाते."

वनजाबाईंना हसू आलं. पोटभर हसल्या, आणि हसता हसता पुढची ओळ विसरल्या. सुरी हातात धरून त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

"पुढं काय हो? सांगा ना, दोन महिने ऐकताय."

नागराजरावांनी तोंड उघडलं, पण त्यांना पाठ होतं ते फक्त बायकोचं माप.