एम्रिसचा रेटा

एम्रिस नव्या माणसाशी हात मिळवत नसे, थेट त्याचे खांदे चाचपून पाही. मी जहाजबांधणी शिकायला हॅम्बर्गला गेलो, तेव्हा तो आमच्याच घरमालकीणबाईंकडे वरच्या मजल्यावर राहायचा. जिन्यातल्या पहिल्याच भेटीत त्याने माझे खांदे दाबले आणि निकाल दिला, "गेनाऊ! अगदी बरोबर! पहिल्या रांगेत चालेल."

कसली रांग, ते संध्याकाळी मैदानावर कळलं: रग्बीत समोरच्यांना खांद्याने रेटणाऱ्यांची. एम्रिस दुसऱ्या महायुद्धापूर्वी वेल्सच्या राष्ट्रीय संघातून रग्बी खेळलेला. युद्धानंतर ब्रिटिश फौजेबरोबर इथे आला, गुडघ्याने दगा दिला, खेळ सुटला. मग प्रशिक्षक होऊन इथेच राहिला.

त्याची जर्मन भाषा भयंकर. वाक्याच्या शेवटी क्रियापद येईपर्यंत त्याला धीर निघत नसे. "आल्झो, चला, रेटा! व्याकरण नंतर!" असं ओरडून तो आमचे खांद्याला खांदे भिडवायचा.

एकदा रस्त्यात दुधाची गाडी बंद पडलेली दिसली. त्याने सगळा संघ तिला जुंपला. गाडी सुरू होऊन वळणापलीकडे गेली, तरी हा सांगतोच आहे, "डावीकडचे कमरेत वाकत नाहीत!"

मी सांगलीला हुतूतू खेळलेला. माझी घोट्याची पकड पाहून तो हरखला. "कुठे शिकलास हे? हॅनोव्हरवाल्यांना सांगू नकोस हं!"

हॅनोव्हरवाल्यांशी सामना झाला. शेवटच्या क्षणी त्यांचा सर्वांत धिप्पाड गडी सुसाट निघाला. मी त्याचा घोटा धरला. तो पडला, आम्ही जिंकलो. फक्त तो माझ्यावर पडला.

इस्पितळात शुद्धीवर आलो तेव्हा खांदा बांधलेला होता. शेजारी एम्रिस, चिखलाच्या कपड्यांतच. हळू आवाजात काहीतरी बोलत होता. इंग्रजी नव्हे, जर्मनही नव्हे.

"ही कुठली भाषा?" मी विचारलं.

तो ओशाळला. "वेल्श. गुंगीत तू तुझ्या भाषेत बडबडत होतास. कुणीतरी उत्तर द्यायला हवं ना? म्हणून मी माझ्या भाषेत देत होतो."

"मी काय म्हणत होतो, कळलं?"

"हो, एक शब्द कळला. आईला हाक मारत होतास, ती सुरावरूनच कळते." तो खिडकीकडे पाहू लागला. "माझी आई गेल्यापासून या भाषेत मी कुणाशी बोललोच नव्हतो."

मी मराठीतच सांगायला लागलो. आमची सांगली, कृष्णेचा घाट, घाटावरची ती हुतूतूची रेती.

एम्रिसने खुर्ची जवळ ओढली. "हं," तो म्हणाला, आणि वेल्शमध्ये त्याच्या गावाबद्दल सांगू लागला.