थर्मलचे दोन संच

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, परळीच्या डांबराला चपला चिकटत असताना फुगलेलं जॅकेट, लोकरीचे हातमोजे आणि माकडटोपी घालून बर्फाच्या लादीवर बसलेला माणूस दिसला, तर घाबरू नका. ते आमच्या शेजारचे भानूकाका. कपडे तपासतायत.

लादी युसूफभाईंच्या बर्फाच्या कारखान्यातली. काका मधूनमधून हातमोजा काढत, बोटं वाकवून बघत आणि वहीत काहीतरी लिहीत.

"काका," युसूफभाई कळवळून म्हणाले, "तुम लादीपे बैठे, तो लादी लेगा कौन?"

"थांब बे. लोडवर घेतल्याशिवाय माल कळत न्हाई."

काकांची सारी नोकरी थर्मलमध्ये, म्हणजे आमच्या वीज केंद्रात, राख हलवणाऱ्या विभागात गेली. यंत्र नुसतं फिरलं म्हणजे काही नाही, भार टाकला की त्याची लायकी कळते, हे त्यांचं मत. निवृत्त झाल्यावर त्यांनी नवी छत्री नळाखाली धरून लोडवर घेतली. जावयाची मोटारसायकल तीन पोती ज्वारी लादून लोडवर घेतली. जावई अजून फारसा बोलत नाही. आता पाळी स्कीइंगच्या सामानाची होती. जानेवारीत गुलमर्गला जाऊन बर्फावरून घसरायचं, असं त्यांनी गल्लीत जाहीर केलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी पत्रकं वाचत वाढलेला आणि आता पत्रकं लिहिणारा माणूस. थर्मलच्या राखेविरुद्धचं माझं पत्रक काकांच्याच भिंतीवर डकवलेलं होतं.

"काका, ही श्रीमंतांची चैन आहे!"

"कावून बे? बर्फाचा सातबारा त्यांच्या नावावर हाय का?"

घरी गेलो आणि त्याच मुद्द्यावर नवं पत्रक लिहायला घेतलं. काकांच्या बाजूनं.

सहल कंपनीतल्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी तिथंच होतो. काकांनी स्पीकर लावला.

"सर, तुमच्याकडे थर्मल आहे ना?"

"हाय की. घरामागंच हाय."

"छान. किती संच आहेत?"

"लई हायेत. जुने बंद केलेत."

"बंद म्हणजे… फाटलेत का?"

"फाटतील कसे बाई? लोखंडी हायेत!"

पलीकडून मुलगी फार जपून म्हणाली, "सर, थर्मल म्हणजे आतून घालायचे उबदार कपडे. दोघांचे दोन संच घ्या."

काका खुर्चीतून घसरेपर्यंत हसले. "तीस वर्सं रोज थर्मलमध्ये गेलो. सुटका न्हाईच बे, पुन्यांदा थर्मलमध्येच जायचंय!"

मग कपड्यांचं शास्त्र सुरू झालं. "माणूस म्हंजी लहान बॉयलर. आत आग हाय, ती भाईर जाऊ द्यायची न्हाई." आत थर्मल, त्यावर लोकरीचं, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं. सुती काही नको, ते घाम धरून ठेवतं आणि गारठवतं. बर्फावरचं ऊन डोळ्यांना लागतं म्हणून त्यांनी वेल्डिंगचा काळा चष्मा शोधून काढला. स्की तिथं भाड्यानं मिळतात, हे कळूनही सुताराकडून दोन फळ्या करून घेतल्या, पायाला बांधल्या आणि गावाबाहेरच्या राखेच्या ढिगावरून खाली आले. फळ्या आधी आल्या, काका नंतर. मी टाळ्या वाजवत होतो. त्याच ढिगाविरुद्ध मी पत्रक काढलं होतं, हे घरी आल्यावर आठवलं.

सामान सगळं दोन-दोन जमत होतं. अडचण एवढीच, की दुसरं माणूस यायला तयार नव्हतं.

"मी न्हाई येणार," सुमनकाकू म्हणायच्या. "आठ दिवस घर कोण पुसंल?"

हे कारण परळीबाहेरच्याला हसू आणेल. काकूंची सकाळ खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून सुरू व्हायची. थर्मलच्या राखेनं करडं झालेलं बोट त्या चहा पिणाऱ्या काकांपुढं धरायच्या. "घ्या. लागली तुमची हजेरी." मग फडकं. संध्याकाळी पुन्हा फडकं. बोट पुढं आलं की बोलके काका कपात बघत.

दिवाळीनंतर जॅकेट घ्यायला आम्ही तिघं संभाजीनगरला गेलो. काकू "नुसतं बघायला" आल्या होत्या. त्यांनी मातकट रंगाचं एक उचललं. "घ्यायचंच आसंल तर हे बरं हाय. मळखाऊ हाय."

"न्हाई," काका म्हणाले. "पांढरं दाखवा."

दुकानदार समजूतदार होता. "काका, पांढरं लगेच मळतं. शिवाय बर्फात पांढऱ्यातलं माणूस दिसत नाही. लाल घ्या."

"मला दिसंल."

दुकानदार पांढरं आणायला गेला. काका माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "लग्नाच्या बस्त्यात हिनं मोतिया रंगाची साडी निवडलती. परळीत आली, अन् तवापासून मळखाऊच. कपाटात दुसरा रंग न्हाई बे. ती राख माझ्या हातनं गेलती."

पांढरं जॅकेट आलं. काकूंनी आधी हात पदराला पुसले, मग त्याच्या बाहीवरून फिरवले. मातकट जॅकेट त्यांनी स्वतःच घडी करून परत ठेवलं. पण गाडीत बसल्यावर पुन्हा तेच. "घर कोण पुसंल?"

"मी पुसतो," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

घरी पोचल्यावर फडताळात अंथरलेला कागद काकूंनी डबे हलवून ओढून काढला. माझंच पत्रक होतं, 'घरकाम एकट्या बाईचं नाही'.

"लिहिलंस तर झ्याक," त्या म्हणाल्या. "आता लोडवर घिऊन बघू."

जानेवारीत ते दोघं गेले. मी रोज पुसत होतो. आधी ओलं, मग कोरडं, आणि संध्याकाळी पुन्हा. चौथ्या दिवशी, हातात फडकं असतानाच काकूंचा फोन आला.

"पुसलंस का?"

"पुसतोय. काका कुठायत?"

"पडलेत. चष्मा हुडकायलेत बर्फात." त्या हसल्या. "आरं, हितं कठड्यावर, झाडावर, समदीकडं पांढरं साचलंय. मी बोट फिरवून बघितलं."

"मग?"

"खालीबी पांढरंच हाय रे."

फोन बंद करायचा त्या विसरल्या. लांबून, धापा टाकत जवळ येणारा काकांचा आवाज मला ऐकू आला.

"बघू. बोट दाव मला."