आजोबांचं तळलेलं औषध

नातवंडांना हॉटेलात जेवायला न्यायचं मी ठरवलं आणि त्यासाठी रीतसर मुलीची परवानगी मागितली. (ऑफिसात लोकांच्या परवानग्या अडवून ठेवण्यात माझा जन्म गेला. देव असतो, तो असा.)

"न्या, बाबा," ती म्हणाली, "पण तळलेलं नाही, कोल्ड्रिंक नाही, गोड तर नाहीच. नीट जमलं तर दर रविवारी पाठवीन. नाहीतर बघू."

हे 'बघू' तिला आईकडून मिळालंय. त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. आणि रविवार बाकीच्या वारांपेक्षा बराच मोठा असतो, हे तिची आई गेल्यावर मला कळलं आहे. मी तयारीला लागलो.

नात सहा वर्षांची, नातू चार. बसल्याबरोबर मी मेन्यूकार्डातली चित्रं त्यांच्यापुढे धरली. "तुम्हीच निवडा. पण एक हिरवं आणि एक लाल किंवा पिवळं." युक्ती अशी लागू पडली, की घरी घेवडा बघून टेबलाखाली जाणाऱ्या नातवाने तो स्वतःहून मागितला. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. तिथेच थांबायला हवं होतं.

"मुलांच्या जेवणाबरोबर फ्राइज, कोल्ड्रिंक आणि चॉकलेट केक येतो," वेटर म्हणाला.

"ते नको. फळं आणि पाणी द्या."

"फळं देतो साहेब. पण ते सगळं सेटमध्येच येतं. नको असेल तर आत टाकून देतील."

टाकून देतील. आमच्या घरात लग्नापासून एकच कायदा होता: पानात टाकायचं नाही. कायदा करणारी आता नाही, पण कायदा कुणी रद्द केलेला नाही.

"टाकू नका," मी म्हटलं. "माझ्यापुढे ठेवा."

(बंदी मुलांवर होती. आजोबांबद्दल मुलगी अवाक्षर बोलली नव्हती. कारकुनाला अशी फट लांबून दिसते.)

दोन मुलांचं सगळं माझ्यापुढे आलं. दोघं बघत राहिली.

"आजोबा, तुम्हाला फ्राइज चालतात?" नातीने विचारलं.

"चालतात कुठल्या? डॉक्टरांनी दिल्यात. औषध आहे."

"कडू आहे?"

"फार." मी तोंड वाकडं करून दाखवलं.

"केक पण?" नातू.

"तो तर रात्रीचा डोस. आत्ताच घेऊन टाकतो."

त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "डोळे मिटून घ्या, आजोबा. मग कळत नाही."

मी डोळे मिटून घेतलं. दोघांनी घेवडा, गाजर, मका सगळं चाटूनपुसून खाल्लं. असलं औषध आपल्याला लागू नये म्हणून.

संध्याकाळी मुलगी न्यायला आली. नातीने जेवणाचा अहवाल दिला आणि मुलीच्या चेहऱ्यावर मी पास झालेला मला दिसलो.

"आणि आजोबांनी औषध घेतलं," नातू म्हणाला.

"कसलं?"

"खूप होतं. ताटभर. शेवटी त्यांना घाम आला."

मुलगी खुर्चीत बसली. "बाबा, किती दिवस चाललंय हे? मला का नाही सांगितलं? आईनेही असंच..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. तिच्या आईची औषधं पिठाच्या डब्यामागे होती. आम्हा दोघांनाही ती उशिरा सापडली.

आता खोटं चालणार नव्हतं. "फ्राइज होत्या," मी म्हटलं. "आणि केक."

ती आधी हसली, मग डोळे पुसले, मग चिडली. हा क्रमसुद्धा आईचाच.

"मुलं दर रविवारी येतील," ती म्हणाली. "पण तुमची ऑर्डर ती देणार."

पुढच्या रविवारी नातीने वेटरला सांगितलं, "आजोबांना पण मुलांचंच जेवण. घेवडा, गाजर, पाणी. फ्राइज त्यांना दाखवू पण नका. ते खोटं बोलतात."

"मग फ्राइजचं काय करू, ताई?"

"आईसाठी बांधून द्या. तिने सांगितलंय, टाकायचं नाही."

वेटरने माझ्यापुढे छोटं ताट ठेवलं. शेजारी रंगीत खडू आणि रंगवायला बदकाचं चित्र.

"मुलांच्या जेवणाबरोबर येतं, साहेब."

टाकायचं नाही म्हणून मी बदक रंगवायला घेतलं. नातवाने थोडा वेळ पाहिलं आणि माझ्या हातातला खडू काढून घेतला.

"रेषेबाहेर जातंय, आजोबा. तुम्ही घेवडा खा."