सुभेदाराचे अंथरूण

मुंगीला मातीची भेग, पाखराला फांदीची बेचकी आणि माशाला अथांग पाणी अंथरून देताना ज्याने कधी कुणाकडून नमुने मागवले नाहीत, त्या विश्वंभराच्या चरणी प्रथम मस्तक ठेवतो. जे काम त्याने चराचरासाठी सहज उरकले, तेच एका कुत्र्यासाठी करताना एका सज्जन गृहस्थाचा अख्खा आठवडा कसा गेला, त्याची ही हकिगत. श्रोत्यांनी खुशाल हसावे. मात्र हसताना आपल्या घरातील कर्त्या पुरुषाकडे पाहू नये, एवढीच विनंती.

त्या गृहस्थांना सारी आळी 'तपासनीसकाका' म्हणे. चौतीस वर्षे त्यांनी एका कारखान्याच्या भांडारात येणारा माल तपासून घेतला होता. खिळा असो की खुर्ची, नमुने समोर ठेवून घेतल्याशिवाय आणि वहीत 'तपासून स्वीकारले' असा शेरा मारल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही आत येऊ दिले नव्हते. (लग्न तेवढे या नियमातून सुटले, कारण तेव्हा तपासणी मुलीकडच्यांनी केली.) निवृत्त होताना काकांनी कारखान्याचे सर्व काही परत केले. सवय मात्र परत घेणारे तिथे कुणी नव्हते, म्हणून ती घरी आणली.

घरात काका, काकू आणि सुभेदार. सुभेदार म्हणजे बारा वर्षांचा, पिंगट रंगाचा, वासराएवढा कुत्रा. लहान पिल्लू असल्यापासून तो काकांच्या पलंगाच्या पायथ्याशी झोपत आला होता. त्याच्या पाठीवर पाय टेकल्याशिवाय काकांना झोप येत नसे, आणि काकांचा पाय पाठीवर आल्याशिवाय त्याला. हा करार कुठल्याही वहीत लिहिलेला नव्हता; म्हणूनच बहुधा इतकी वर्षे टिकला.

त्या वर्षी काकूंचा दमा बळावला. डॉक्टरांनी छाती तपासली, घराची चौकशी केली आणि औषधाच्या कागदावर खाली एक रेघ ओढून सांगितले, "कुत्र्याचे केस घरात नकोत. तो बाहेर राहील, तरच या औषधांचा उपयोग."

हे ऐकून काकूंचा धाकटा भाऊ रविवारी धावत आला. त्याची गावाबाहेर रोपवाटिका होती आणि तिथे राखणीला चार कुत्री होती.

"ताई, मी नेतो याला. चारांत पाचवा मला जड नाही."

"कुठे नेणार नाहीस," काका म्हणाले. "तो बाहेरच झोपेल. पण आमच्या अंगणात."

"दाजी, तुमच्या पायाशी लोळणारा कुत्रा तो! या थंडीत बाहेर झोपेल?"

"व्यवस्था योग्य असली, की झोपेल."

"आणि नाही झोपला, की तुम्ही हळूच दार उघडणार, आणि माझी बहीण बसणार धापा टाकत. ते चालायचं नाही. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. अंगणातल्या आपल्या जागी शहाण्यासारखा झोपला असेल, तर राहू दे. नाहीतर नेणार."

टेबलाखाली काकांच्या पायावर हनुवटी टेकून सुभेदार डुलक्या घेत होता. काकांनी पाय हलवला नाही. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली, तरी हलवला नाही.

दुसऱ्याच दिवशी सुतार आला. काकांनी मापे दिली. सुताराने ती दोनदा वाचली.

"काका, कुत्र्यासाठीच ना?"

"कुत्र्यासाठीच."

"अजून वाढणार आहे का तो?"

"बारा वर्षांचा आहे."

"मग एवढी लांबी कुणाची?"

"वळायला जागा, पसरायला जागा आणि राखीव जागा. भांडार बांधताना राखीव जागा सोडायची असते."

सुताराने मुकाट्याने पेटी बांधली. लाकडी भिंती, उतरते छप्पर, जमिनीपासून चार बोटे उंच बैठक आणि वारा अडवायला दारावर तरटाचा पडदा. काम उत्तम झाले. आता प्रश्न उरला फक्त आत काय अंथरायचे याचा. आणि इथेच काकांनी वही काढली.

"पेंढा घाला," काकू खिडकीतून म्हणाल्या.

"नमुना कुठे आहे?"

"आमच्या माहेरच्या गोठ्यात वर्षानुवर्षं पेंढाच होता. ऊब धरतो, ओल धरत नाही."

"माहेर हे प्रमाणपत्र होत नाही," काका म्हणाले आणि वहीत लिहिले, 'नमुना एक : जुनी रजई'.

रजई मऊ होती, जाड होती, शिवाय घरचीच होती. सुभेदार रात्री आत शिरला, थोडा वेळ बसला आणि मग बाहेर येऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन निजला. सकाळी काकांनी रजई उचलली, तर ती उचलेना. दवाने, धुक्याने आणि सुभेदाराच्या ओल्या पायांनी ती अशी भिजली होती, की पिळली तेव्हा तुळशीच्या दोन कुंड्यांना पाणी पुरले असते. काकांनी शेरा मारला : 'पाणी धरते. नाकारले.'

"पेंढा," खिडकीतून आवाज आला.

काकांनी ऐकले नाही. 'नमुना दोन : लाकडाचा भुसा'. सुताराने दोन पोती आनंदाने दिली. (त्याला ती कुठे टाकावी हा प्रश्नच होता.) भुसा कोरडा होता, सुवासिक होता, आणि त्याचा कण न् कण सुभेदाराच्या अंगावर चिकटत होता. सकाळी काका दार उघडतात न उघडतात तोच बारा वर्षांच्या सवयीने सुभेदार आत घुसला, बैठकीच्या मधोमध उभा राहिला आणि शेपटीपासून नाकापर्यंत अंग झाडून मोकळा झाला. दिव्याच्या काचेवर, घड्याळावर, भिंतीवरच्या पूर्वजांवर भुसा बसला. आणि काकूंना खोकल्याची उबळ आली ती थांबेना.

तासभर त्या खिडकीशी उशी पोटाशी धरून बसल्या होत्या. काका गरम पाण्याचा पेला हातात घेऊन शेजारी उभे होते. पाणी गार झाले की बदलून आणत होते आणि पुन्हा उभे राहत होते. त्या तासाभरात त्यांनी वहीचे नावही काढले नाही.

श्वास जागेवर आल्यावर काकू म्हणाल्या, "त्याच्यावर रागावू नका हो. त्याला काय कळतं?"

"त्याच्यावर नाही रागावलो," काका म्हणाले.

"आणि तो रात्री पायरीवर कण्हत होता. आज दार उघडा. एक दिवस दम लागला, तर मरत नाही मी."

"मुळीच उघडणार नाही!" काका इतक्या मोठ्याने ओरडले, की दाराशी बसलेला सुभेदार घाबरून आत पळाला आणि पलंगाखाली शिरला, आणि त्याला तिथून काढता काढता काकांची कंबर धरली.

बुधवारी काका स्वतः गवळ्याकडे गेले. गवळ्याने दोन ढीग दाखवले. एक पिवळा, पोकळ काड्यांचा. दुसरा हिरवट, मऊ, सुगंधी.

"हा पेंढा," गवळी म्हणाला. "हा म्हशीखाली घालतो. आणि हे वाळलेलं गवत. हे म्हैस खाते."

श्रोतेहो, इथे सामान्य माणूस पेंढा घेऊन घरी गेला असता. पण चौतीस वर्षांचा अनुभव आडवा आला. काकांनी असा विचार केला, की जो माल पोटात जायच्या लायकीचा आहे, त्याचा दर्जा पाठीखाली जाणाऱ्या मालाहून वरचाच असला पाहिजे. आपल्या सुभेदाराला खालचा दर्जा का म्हणून?

"गवत द्या," ते म्हणाले.

"काका, कुत्र्याखाली पेंढाच..."

"दर्जा मी ओळखतो."

गवत अंथरले. सुभेदार आत गेला, दोनदा शिंकला आणि पायरीवर परतला. सकाळी काका पडदा सारून पाहतात, तर आत कुणीतरी बसलेले. पांढरी दाढी, शांत मुद्रा, तोंड सावकाश हलते आहे. क्षणभर काकांचे हात जोडले जाणार होते. तेवढ्यात त्या मूर्तीने 'बेंऽऽ' केले.

कोपऱ्यावरची शिंपीण कुंपणापाशी आली. "काका, माझी शेळी पाहिलीत का हो?"

"पाहिली! आमच्या अंथरुणात आहे!"

"अगंबाई! तुमच्या?"

"सुभेदाराच्या! अर्धं खाल्लं तिनं, उरलेल्या अर्ध्यावर बसली आहे!"

"मग त्यानं हाकललं नाही?"

काकांनी पायरीकडे पाहिले. सुभेदार शेळीकडे पाहून शेपूट हलवत होता. ज्याचे नाव सुभेदार ठेवले, त्याने आपला मुलूख एका शेळीला न लढता देऊन टाकला होता. शेळी बाहेर यायला तयार नव्हती. पुढून शिंपीण, मागून काका अशी ओढाताण होऊन ती अखेर निघाली, तेव्हा जाता जाता तिने वहीचे एक पानही खाल्ले. त्यावर 'नमुना तीन' असे लिहिले होते. शेरा मारायचा प्रश्नच उरला नाही.

गवत गेले. शनिवारी सकाळी काका पुन्हा गवळ्याकडे गेले आणि मान वर न करता म्हणाले, "पेंढा."

पेंढ्याचा भारा घेऊन ते अंगणातून आले, तेव्हा खिडकीत काकू होत्या. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. (संसारात याहून कठोर शब्द कुणी उच्चारला असेल, असे वाटत नाही.)

पेंढा मात्र खरोखर चांगला होता. हात घातला तर आत ऊब. दव पडले तर वरच्यावर सुकून जाई. काकांनी तो हाताने पिंजला, पसरला, कडेने उंच केला. सुभेदाराने आत डोके घातले, हुंगले आणि पायरीवर जाऊन बसला. त्या रात्रीही तो तिथेच निजला. योग्य माल, योग्य जागा, योग्य हवा. आणि तरीही नकार! चौतीस वर्षांत असा माल काकांनी पाहिला नव्हता, ज्यात दोष नाही आणि जो स्वीकारलाही जात नाही.

रविवार उजाडला. मेहुणा चारला येणार होता. दुपारी काका पेटीसमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"दोष आहेच," ते पुटपुटले. "बाहेरून दिसत नाही, एवढंच."

आणि चपला काढून, पडदा सारून, ते डोक्याकडून आत शिरले. राखीव जागा अखेर कामी आली. काका आडवे झाले, पाय पोटाशी घेतले. कुठे काडी टोचते का, वारा लागतो का, खालून गारवा येतो का, सारे तपासू लागले. टोचत नव्हते. वारा नव्हता. गारवा नव्हता. आठवडाभराची झोप मात्र होती.

जाग आली ती बोलण्याने.

"ताई, किती गाढ झोपलाय गं!" मेहुण्याचा आवाज पडद्यापाशीच होता. तो तासभर लवकर आला होता. "घोरणं फाटकापर्यंत ऐकू येतंय."

"हो ना," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा विचित्र येत होता. मेहुण्याची गाडी येण्यापूर्वी एकदा आपल्या हाताने खाऊ घालावे, म्हणून त्यांनी नुकतेच सुभेदाराला स्वयंपाकघराच्या दारात बोलावले होते, आणि तो तिथे थाळी चाटत होता.

काकांच्या अंगाला घाम फुटला. बाहेर यावे, तर शोभा. न यावे, तर खोटेपणा. चौतीस वर्षांत न पाहिलेल्या मालावर त्यांनी सही केली नव्हती. पण सुभेदाराची ती थंडगार रिकामी पायरी डोळ्यांपुढे आली आणि काकांनी डोळे मिटून, जाणूनबुजून, आणखी दोनदा घोरून दिले.

"म्हातारा झाला हो," मेहुणा म्हणाला. "छातीत घरघर आहे. आणि आंघोळ कधी घातली होती?"

काकांनी दात आवळले. त्याच क्षणी पेंढ्याची एक काडी नाकात गेली आणि सारी पेटी हादरेल अशी शिंक आली. शिंक आली की देवाचे नाव घ्यायचे, ही लहानपणची शिस्त. तोंडातून निघून गेले, "विश्वंभराऽ!"

"ताई," मेहुणा सावकाश म्हणाला, "कुत्रा देवाचं नाव घेतो?"

"बारा वर्षं यांच्या संगतीत आहे," काकू म्हणाल्या.

"आणि चपला काढून झोपतो?"

मेहुण्याने पडदा उचलला. "दाजी, मागच्या पायांनी या. वळू नका, अडकाल."

काका उलटे सरकत बाहेर आले. डोक्यावर पेंढा, कानात पेंढा, सदऱ्याच्या खिशात पेंढा. मान खाली घालून ते म्हणाले, "ने त्याला. मी हरलो. अंथरुणात दोष नाही, हे मी स्वतः तपासलं. तरी तो झोपत नाही."

शिंकेचा आवाज ओळखून सुभेदार थाळी सोडून आला होता. त्याने काकांचा कान चाटला. मग पेटीपाशी गेला, आत डोके घातले, हुंगले. पुन्हा हुंगले. आत शिरला, तीन वेळा गोल फिरला, काका जिथे निजले होते नेमक्या त्याच खळग्यात अंग टाकले आणि एक दीर्घ निःश्वास सोडला.

कुणी हलले नाही. काकूंनी चहा केला, तो मेहुण्याने अंगणातच उभ्याने घेतला. पेला संपला, अर्धा तास झाला, सुभेदार उठला नाही. आता आतून खरेखुरे घोरणे येत होते आणि ते काकांच्या घोरण्याहून पुष्कळ सभ्य होते.

मेहुणा रिकामी गाडी घेऊन निघाला. फाटकातून वळून म्हणाला, "दाजी, पेंढा दर आठवड्याला बदलावा लागतो हं."

"बदलू की. त्यात काय अवघड?"

"काही नाही," मेहुणा म्हणाला. "फक्त नव्या पेंढ्याला तुमचा वास नसेल."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी काका चपला काढून अर्धा तास पेटीत निजतात. काकूंचा श्वास मोकळा झाला आहे. शिंपीण कुंपणावरून विचारते, "काका, आज मुक्काम का?" आणि काका आतूनच 'हो' म्हणतात. वहीचे शेवटचे पान मात्र त्यांना स्वतः भरता आले नाही. ते काकूंच्या हस्ताक्षरात आहे : 'नमुना चार : पेंढा, एक भारा. त्यावर म्हातारा, एक, जुना. दोन्ही मिळून स्वीकारले. शेरा : पेंढा बदलता येतो.'

ज्या दयाळाने ही कथा वदवली, तो ऐकणाऱ्या प्रत्येकाला थंडीत कोरडे अंथरूण, मोकळा श्वास आणि पायाशी कुणीतरी आपले देवो. घराघरात ऊब नांदो, पायरीवर कण्हणाऱ्याला दार मिळो, आणि खिडकीतून पहिल्याच दिवशी आलेले शहाणपण पहिल्याच दिवशी ऐकण्याची बुद्धी सर्व कर्त्या पुरुषांना लाभो.