घरचा कॉम्प्युटर ओळख देईना

बदली झाली तेव्हा हेडक्लार्कनी बायकोला मोठ्या तोऱ्यात शब्द दिला होता, "तुझ्या शिलाईच्या ऑर्डरी मी तिकडून बघेन. तू फक्त पडदे शिव." ऑर्डरींचा प्रोग्राम घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनीच बसवला होता. (बसवता बसवता कितीतरी रविवार बसले, पण बसवला.) आता भाड्याच्या खोलीत, एका खुर्चीवर आपण आणि दुसरीवर ओला टॉवेल अशा थाटात त्यांनी लॅपटॉप उघडला, घरच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकला, बटण दाबलं. उत्तर तडक आलं : कनेक्शन नाकारले.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्यांनी फोन लावला.

"अगं, घरचा कॉम्प्युटर मला ओळखच देत नाहीये!"

"चालू तर आहे. दिवा लागलाय."

"हाकेला ओ देतोय, पण आत घेत नाहीये."

मागून आईंचा आवाज आला, "कोण नाकारतंय त्याला?"

"कॉम्प्युटर, आई."

"नाकारू दे. लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून नकार आला, तेव्हा कुठे खचला होता?"

(तीन ठिकाणांहून. पण तिसरा आईंच्या कानावर गेलाच नव्हता.)

"बरं, आता काळी खिडकी उघड," हेडक्लार्क म्हणाले.

"काळी? आपल्या सगळ्या निळ्या आहेत."

"घराची नाही गं, कॉम्प्युटरची, हुकूम टाइप करतात ती!"

ती खिडकी सापडेपर्यंत शेजारणीच्या भांडणापासून गळक्या नळापर्यंत सगळं बोलून झालं. कनेक्शन काही मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिक्के मारता मारता हेडक्लार्कचा हात हवेतच थांबला. सुरक्षितता म्हणून सेटिंगमध्ये त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं : फक्त याच मशीनचं ऐक, बाहेरच्या कुणाचं नाही. एक ओळ बदलली, प्रोग्राम बंद करून चालू केला, की काम फत्ते!

संध्याकाळी तेच सांगायला त्यांनी फोन केला.

"थांबा हं, तोंडात टाचण्या आहेत," बायको ओठ मिटूनच म्हणाली.

हेडक्लार्क थांबले. शिलाई मशीनची खडखड आली, आईंचा खोकला आला, फाटक करकरलं. घशाशी आलेली ती ओळ त्यांनी गिळून टाकली. बदलीपासून त्यांचे फोन म्हणजे "जेवलात?" "हो. तू?" "हो. ठेवते." एवढेच. ही ओळ सांगितली, की पुन्हा तेच.

"काही सापडलं का?" तिने विचारलं.

"छे! प्रकरण खोल आहे," हेडक्लार्क म्हणाले. "फोन जरा कॉम्प्युटरजवळ धर. पंख्याचा आवाज ऐकायचाय."

त्या संध्याकाळी पंखा ऐकला. पुढच्या संध्याकाळी वायरी हलवल्या. मग तिने सगळं सेटिंग मोठ्याने वाचून दाखवावं, असं ठरलं. ती अडखळत वाचत होती आणि इकडे हेडक्लार्क डोळे मिटून, गाणं ऐकावं तसे ऐकत होते. नेमकी ती ओळ आली तेव्हा ते म्हणाले, "हं, ही बरोबर आहे. पुढे."

आठवडाभराने बायकोनेच विचारलं, "अहो, तुम्ही जोडून बघता तरी का?"

"म्हणजे काय! रोज."

"मग जोडलं कसं जात नाही? त्या ओळीत 'फक्त याच मशीनचं' असं होतं. मी ती बदलली, बंद करून चालू केलं. झाले की चार दिवस."

हेडक्लार्कनी घाईघाईने बटण दाबलं. पडद्यांच्या सगळ्या ऑर्डरी समोर हजर.

ते हळूच म्हणाले, "मग इतके दिवस बोलत का बसलीस गं?"

पलीकडे शिलाई मशीन थांबलं.

"रेडिओ बिघडलाय ना," ती म्हणाली. "शिवताना कानाशी काहीतरी लागतं मला."

"अच्छा." त्यांनी विचारलं, "दुरुस्तीला टाकलास?"

"टाकलाय. उद्या मिळेल."